सोलापूरची दुसरी तपासणी

माघ वद्य पंचमी, शके १८५३. निघताना हजर मंडळी: मी, वय सेहेचाळीस, आमचे हे, सांगोल्याच्या शाळेत मास्तर, आणि ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. सामान: एक वळकटी, एक ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्या, शेंगांची चटणी आणि आमच्या गावच्या डॉक्टरसाहेबांनी सोलापूरच्या सर्जनसाहेबांना लिहिलेली चिठ्ठी. माझ्या डाव्या स्तनात गाठ होती. ती घट्ट बसलेली असल्याने सगळा स्तनच काढावा, असे चिठ्ठीत लिहिले होते.

छोटी गाडी सकाळी सुटली. ती धावत नाही, डुलत जाते. ज्वारी काढून मोकळी झालेली राने, उभी कडब्याची बुचाडे, मधूनच मेंढरांचा पांढरा ढग, सगळे आपल्याच गतीने मागे सरकत होते. भीमेवरच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ झाला आणि खाली पाणी उन्हात थांबून राहिल्यासारखे दिसले. मला वाटले, हा पूल संपूच नये.

समोरच्या बाकाखाली एक शेळी बांधलेली होती. तिची मालकीण माझ्याच वयाची, बोलकी.

"कुटं निघालाय बाई?"

"सोलापूरला. दवाखान्यात."

"काय हुतंय?"

मी तोंडाने न सांगता छातीकडे हात नेला. बाईला लगेच समजले.

"डाक्टरनं हात लावून बघितलं का?"

"काहीतरीच काय!" वन्सं कडाडल्या. "पुरुषमाणूस आहेत ते. घरोब्याचे."

"व्हय? ही शेळी घ्यायला म्या तीन बाजार फिरले. कास दाबून बघितल्याबिगर एक पैसा सोडला न्हाय. आन् ह्या तर माणूस हायत की!"

वन्संनी तोंड खिडकीकडे फिरवले. मला हसू आले आणि लगेच थांबले.

आमच्याकडे तपासणी झाली होती ती अशी. डॉक्टरसाहेब ओसरीवर बसले. मधल्या दाराला पडदा लावला. आत मी, शेजारी वन्सं. डॉक्टर बाहेरून विचारणार, वन्सं हात लावून उत्तर देणार. गावात सगळ्या घरी हीच रीत. "केवढी आहे?" "सुपारीएवढी." "दुखते?" "नाही." "बोटाने हलते का?" वन्संचा हात क्षणभर थांबला. मग त्या म्हणाल्या, "नाही. घट्ट आहे."

आंघोळीच्या वेळी ती गाठ माझ्या बोटाखालून सरकते, हे मला ठाऊक होते. पण परक्या पुरुषाशी बोलायचे नाही म्हणून मी गप्प राहिले.

कुर्डुवाडीला गाडी बदलली. वळकटी हमालाने भलत्याच डब्यात टाकली, ती शोधण्यात आमच्या ह्यांची टोपी पडली. सोलापूर आले तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. ऊन उतरले होते आणि सगळे गाव कापसाच्या बारीक धुळीत तरंगल्यासारखे दिसत होते. शुक्रवार पेठेत ह्यांच्या एका स्नेह्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथे उतरलो.

दुसऱ्या दिवशी सर्जनसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. प्रश्न ह्यांना विचारले, माझ्याकडे मान लववून नमस्कार केला. "परवा सकाळी. पोटात काही नको." संपले. मी ट्रंकेवर बसून यादी केली: दोन जुनी लुगडी, मऊ फडकी, एरंडेल, धाकट्या लेकीच्या सासरी पत्र. यादी झाली तरी हात थांबेना. कागदाच्या तळाशी मी लिहिले, "हलते."

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. देऊळ पाण्यातच उभे आहे. वारा नव्हता. पाण्यात दुसरे देऊळ उलटे उभे होते आणि त्या उलट्या पायऱ्यांवरून उलटी माणसे खाली उतरत होती. हे प्रदक्षिणेला गेले. मी वन्संना विचारले,

"वन्सं, हलत नाही असं का सांगितलंत?"

त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "मी हलवून पाहिलंच नाही गं. भीती वाटली. दाबलं आणि वाढली म्हणजे? आणि ते बाहेर खोळंबलेले. म्हटलं, घट्ट म्हणावं, म्हणजे नीट लक्ष तरी घालतील." मग रडू आवरत म्हणाल्या, "तू का नाही गं बोललीस?"

हे परत आले तेव्हा मी म्हणाले, "इथं एक डॉक्टरीणबाई आहेत म्हणतात. मला त्यांना दाखवायचंय."

ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, डॉक्टरसाहेबांना काय वाटेल? वीस वर्षांचा स्नेह. रोज सोंगट्या खेळतो आम्ही. आणि सर्जनसाहेबांनी वेळ दिलेली."

"त्यांना काय वाटेल ते वाटो. कापायचं मला आहे."

असे मी ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तळ्यातले देऊळ एकदा हलले आणि पुन्हा स्थिर झाले. हे हळूच म्हणाले, "उशीर झाला आणि वाढलं तर?"

"एकच दिवस मागतेय."

डॉक्टरीणबाईंच्या घराची वाट विणकरांच्या गल्लीतून जाते. ही तेलुगू बोलणारी मंडळी. गल्लीभर सूत ताणून त्याला कांजी पाजत होती. पलीकडे दोरीवर रंगवलेल्या सुताच्या लडी, लाल, हिरव्या, निळ्या, ओल्या. मध्ये सांदीएवढी वाट. चालताना आपण कुणाच्या तरी न विणलेल्या लुगड्यातून जात आहोत असे वाटे. "अक्का (ताई), जपून!" कुणीतरी ओरडले, तोवर माझा पदर निळ्या लडीला लागून निळा झाला होता.

डॉक्टरीणबाई तिशीच्या, चष्म्याच्या. पहिला प्रश्न पदरावर. "विणकर गल्लीतून आलात वाटतं? तो रंग नाही हो जायचा." मग दार लावून घेतले, हात गरम पाण्याने धुतले आणि तपासले. वन्संनी डोळे मिटून घेतले. बाईंनी बोटांनी गाठ इकडेतिकडे सरकवली, काखेत चाचपले.

"घट्ट कुणी सांगितलं?"

"मी," वन्सं म्हणाल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "हलते. पण हलते म्हणजे वाईट नाहीच, असं मी म्हणणार नाही. माझं मत, आधी गाठ तेवढी काढावी. मुंबईला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली पाहून उत्तर येईल. वाईट निघाली तर मात्र सगळं काढायचं, लगेच. तेव्हा तिसरीकडे जायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. बाहेर हे उभे होते. त्यांना मी विचारले नाही, सांगितले.

हे स्वतः सर्जनसाहेबांकडे गेले. त्यांना राग आला नाही. "चिठ्ठीत घट्ट होतं, म्हणून मी तसं ठरवलं. हलत असेल तर बाईंचं बरोबर आहे. उद्या गाठ तेवढीच काढू," एवढेच म्हणाले.

क्लोरोफॉर्मचा वास गोड असतो. आकडे मोजायला सांगितले होते. सातापर्यंत गेले, मग तो भीमेवरचा पूल आला आणि मी त्याच्यावरून चालत राहिले, पायाखाली पाणी, हातात काहीच नाही, न वळकटी, न यादी. इतके हलके मला लग्नानंतर कधी वाटले नव्हते.

मुंबईचे पत्र येईपर्यंत आम्ही शुक्रवार पेठेतच राहिलो. वन्सं कडक भाकरी चुरून दह्यात कालवून भरवत. पत्र आले. गाठ साधी होती. डॉक्टरीणबाईंनी ते मोठ्याने वाचले, वन्संनी पुन्हा वाचायला लावले.

परतून आता पंधरा दिवस झाले. टाके सुकले आहेत. वाटते, सोलापूर काही फार लांब नव्हते. त्याहून लांब होता तो पडदा, ज्याच्याआडून एक शब्द बोलायला मला इतका प्रवास करावा लागला.

चार दिवसांपूर्वी कोपऱ्यावरच्या घरात तपासणी झाली. सून आत, सासू उत्तरे देत होती. डॉक्टरसाहेबांना सांगायला हवे की बाईलाच विचारत जा, आणि माझ्या वेळचे उत्तर चुकीचे होते. आमचे हे सांगायला तयार आहेत. मी नको म्हटले. सांगायचे तर मीच.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब ओसरीवर सोंगट्या खेळायला येतात. तीन संध्याकाळी मी मधल्या दारापर्यंत गेले, आणि तिन्ही वेळा आतूनच विचारले, "चहा ठेवू का?"