मामांचा नंबर

टँकर आला आणि कुणी आपली घागर हळूच पुढं सरकवली, की मामा बसल्या जागेवरून कुबडी लांब करायचे आणि तिच्या टोकानं ती घागर होती तिथं परत ढकलायचे. "नंबर कुणाचा मोडायचा न्हाई," एवढंच म्हणायचे. आवाज चढवायचे नाहीत. पण घागरवाली बाई असली गप्प व्हायची की विचारू नका. हे मी खात्रीनं सांगते, कारण ती बाई बऱ्याचदा मीच असायची.

मामा कुणाचेच मामा नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं उजवा पाय वाळलेला. दहा-पंधरा मिनिटं उभे राहिले की चांगला पायसुद्धा थरथरायला लागायचा. म्हणून ते दिवसभर एका खोक्यावर बसून काम करायचे. टँकर त्यांच्या दुकानासमोरच थांबायचा, त्यामुळं रांगेची राखण आपोआप त्यांच्याकडं आली.

परभणीत पाण्यासाठी उभं राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण आमच्याकडं रांगेत माणसं उभी नसतात, घागरी असतात. बाया पहाटे घागर लावून जातात, भाकरी थापून येतात. कुणाच्या मागं कोण, हे मामांच्या डोक्यात पक्कं असायचं. त्यांची स्वतःची घागर मात्र कायम शेवटी. कधी कधी तिच्या वाट्याला नुसता गाळ यायचा. मग आम्ही एकेक तांब्या तिच्यात ओतायचो आणि ते मान खाली घालून पंक्चर काढत बसायचे, जणू ती घागर दुसऱ्याच कुणाची.

मी समोरच्या घरात शिलाई मशीन चालवते. खिडकीतून बोलणं व्हायचं. एकदा मी चिडून विचारलं, मामा, तुम्ही अपंग माणूस, तुमची घागर पहिली लावली तर कोण काय बोलणार आहे? तेव्हा त्यांनी जत्रेची गोष्ट सांगितली.

सात-आठ वर्षांचे असताना वडील त्यांना पोखर्णीच्या जत्रेला घेऊन गेले होते. पोराला आकाशपाळण्यात बसायचं होतं. रांग मोठी, पोराला उभं राहता येईना. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि सरळ पुढं नेलं. मागून कुणीतरी ओरडलं, लंगडं पोरगं पुढं करून घुसायलाय बघा. वडील तिथंच थांबले. मग मागं फिरले आणि पोराला तसंच खांद्यावर घेऊन घरी आले.

"बापाची मान खाली गेल्याली वरून दिसत होती मला," मामा म्हणाले. "तवाच ठरविलं. पाळण्यात बसायचं, पण आपल्या नंबरानं."

पन्नाशी उलटली तरी बसले नव्हते. जत्रेतल्या पाळण्याच्या रांगेत तासभर उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीनं बस ठरवली. हैदराबादकडं एक मोठं पार्क आहे, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं एका कंपाउंडात. मामा येणार म्हटल्यावर सगळ्यांना नवल वाटलं. त्यांनी फक्त मला विचारलं, तिथं मोठा पाळणा हाय का? मी म्हटलं, आहे, चांगला चार मजली आहे. ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी बसपाशी येऊन बसले.

पाळण्यासमोर ही रांग! ऊनही लागत होतं. आता हसू नका, पण आमच्या बायांनी काय केलं? सवयीप्रमाणं कुणी चप्पल ठेवली, कुणी पाण्याची बाटली, कुणी पिशवी, आणि सगळ्या जाऊन झाडाखाली बसल्या. मामांनी आपली कुबडी रांगेत आडवी ठेवली, माझ्या खांद्याला धरून कठड्यापर्यंत आले आणि टेकले. मला म्हणाले, "ताई, तेवढं ध्यान ठिवा."

मी ठेवलं नाही. जावेला कारंज्यापाशी फोटो काढायचा होता, मी गेले. दहा मिनिटांत परत येते तर चपला, बाटल्या, कुबडी, सगळ्याचा ढीग कचऱ्याच्या डब्याशेजारी घातलेला. पहारेकऱ्याला वाटलं, कुणीतरी सामान विसरून गेलंय. मामा कठड्यावरून त्याला हाका मारत होते, पण त्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं नाही आणि कुबडीशिवाय मामांना तिथवर जाता आलं नाही.

मी त्या पहारेकऱ्याशी कडाकडा भांडले. तो बिचारा भला माणूस होता. मामांचा पाय बघून ओशाळला, म्हणाला, यांना रांग कशाला, बाजूच्या फाटकातून आत्ता सोडतो. आमच्या सगळ्या बाया म्हणाल्या, जावा की मामा. मीही म्हटलं, ही मेहरबानी नाही, तुमचा हक्क आहे. आजही मला तसंच वाटतं. पण मामांना पुढं जायचंच नव्हतं. नंबर न गमावता तो येईपर्यंत कुठंतरी टेकायला मिळावं, एवढंच हवं होतं. आणि तेवढं मात्र त्या एवढ्या मोठ्या पार्कात नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले, "मी उभा राहतो की."

आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी कठड्याबाहेरून त्यांच्या सोबत होते. एका हातात कुबडी, दुसरा हात लोखंडी कठड्यावर. अर्ध्या तासानं पाय लटपटायला लागला. सदरा घामानं पाठीला चिकटला. मी धरायला गेले तर मान हलवून नको म्हणाले. माणूस पुढं सरकला की तेही एक वीत सरकायचे आणि वर पाळण्याकडं बघायचे. चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

पुढं दहा-बारा माणसं उरली होती आणि फाटकाबाहेर आमच्या बसचा हॉर्न वाजायला लागला. ठरलेली वेळ टळून गेली होती. मी म्हटलं, थांबू दे ड्रायव्हरला.

"चाळीस माणसं माझ्यापायी खोळंबवायची, हे बी नंबर मोडणंच झालं की," ते म्हणाले. मग वळून मागच्या अनोळखी माणसाला, आपल्या गल्लीत सांगतात तसं, अगदी गंभीरपणे सांगितलं, "भाई, मेरा नंबर तुम्हारे आगे हाय. जाके आतूं मैं."

त्या माणसानंही मान डोलावली.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. फोटोपायी माती खाल्ली मी. मी माफी मागितली तर म्हणाले, सांगून आलोय, नंबर कुठं जात न्हाई. पुढल्या उन्हाळ्यात काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात मी डबा घेऊन गेले तेव्हाही त्यांनी आधी टँकरचं विचारलं, आणि मग हळूच म्हणाले, दिवाळीला जाऊ पुन्हा. दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

गेल्या वर्षी लेकीच्या हट्टापायी मी परत त्या पार्कात गेले. पाळणा तोच. रांगेच्या कडेला मात्र आता एक बाक टाकलाय आणि वर पाटी आहे: ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी चिठ्ठी घ्यावी, नंबर येईपर्यंत इथं बसावं. मी ती पाटी दोनदा वाचली. माझे डोळे भरून आले.

रांग पुढं सरकली, मी सरकले नाही. लेकीनं माझा हात ओढला. मागची बाई म्हणाली, बढो ना अम्मा, आगे जगा खाली हाय.

"खाली नहीं," माझ्या तोंडून गेलं, "एक जन का नंबर हाय."

तिनं पुढं वाकून बघितलं. माझ्यासमोर एका माणसापुरती जागा होती आणि कडेचा बाक रिकामा होता.