टाचणीचे शिंपले

टाचणी म्हणजे माझी धाकटी नणंद. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. उंच, सडसडीत, वर एवढंसं गोल डोकं, आणि त्यात धंदा शिवणकामाचा. मग बेटावरचे लोक दुसरं काय म्हणणार? माझ्या लग्नात फोटोवाल्यानं आम्हां दोघींना शेजारी उभं केलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "टाचणी आणि उशी!" मी तेव्हाही हसले होते. उशी असण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. निदान लोक टेकायला तरी येतात.

तिचं दुकान बंदरामागच्या गल्लीत. दुकान कसलं, एक लांबट खोली. खिडकीखाली जुनं वजनदार मशीन, जमिनीवर पसरलेली ताडपत्री, आणि ताडपत्रीवर गुडघे टेकून बसलेली टाचणी. होड्यांची आच्छादनं, शिडं, टपऱ्यांवरची छतं, सगळं ती शिवते. तळहाताला चामड्याचा पट्टा, दोऱ्याला मेण आणि तोंडात दोन सुया. मला वाटायचं, सुयांमुळे बिचारीला बोलता येत नाही. नंतर कळलं, सुया नसल्या तरी ती बोलत नाही.

दुकानाच्या दारावर पाटी आहे: 'ओहोटीला बंद.' थट्टा नाही हो, खरंच. पाणी मागं सरलं, चिखल उघडा पडला, की ही मशीन झाकते, दुर्बीण गळ्यात अडकवते आणि पक्षी बघायला चालू लागते. दुर्बिणीचा पट्टाही तिनंच शिवलाय, निळ्या शिडाच्या कापडाचा. गिऱ्हाइकांना घड्याळ बघून चालत नाही, समुद्र बघून यावं लागतं. तरी येतात. तिच्यासारखी टीप कुणाची नाही.

माझे मालक, म्हणजे तिचा मोठा भाऊ, गेले तेव्हा मी आठ दिवसांची बॅग घेऊन तिच्याकडे आले. त्याला आता सहा वर्षं झाली. बॅग अजून पलंगाखाली आहे, तिच्यात आता टाचणीच्या जुन्या सुया असतात. त्या पहिल्या आठवड्यात ती मला 'धीर धर' वगैरे काहीही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी घरामागच्या पाणथळीवर घेऊन गेली, दुर्बीण माझ्या हातात दिली. लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी गुडघाभर पाण्यात तोऱ्यात चालत होते. मला रडू फुटलं. ती कानाशी येऊन हळूच म्हणाली, "रड हवं तर. पण हलू नकोस, उडून जातील."

आणि खरं सांगते, मी न हलता रडले. शेकाटेही राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. उन्हाळ्यात आमच्या मोठ्या किनाऱ्यावर चिखल्या अंडी घालतात. चिखल्या म्हणजे चिमणीएवढा पक्षी. वाळूच्या रंगाचा, तुरुतुरु धावणारा, मध्येच थांबणारा, जणू काहीतरी विसरलाय. घरटं म्हणाल तर वाळूत बशीएवढा खळगा. त्यात तीन अंडी, ठिपक्याठिपक्यांची, अगदी खड्यांसारखी. पायाखाली येईपर्यंत दिसायची नाहीत. आणि नेमकं त्याच वेळी, पर्यटक यायच्या आधी, किनारा साफ करायला ट्रॅक्टर येतो. मागं भलं मोठं दाताळं लावलेलं. समुद्री गवत, दोऱ्या, बाटल्या, सगळं ओढून नेतो. अंडीसुद्धा.

ट्रॅक्टरवाल्याला सगळे गडगड्या म्हणतात. ट्रॅक्टर बंद असला तरी त्याचा आवाज तेवढाच असतो. त्याच्याशी टाचणीचा करार आहे. त्यानं तिला बजावलंय, "ताई, तू जागा दाखव, मी वळसा घालतो. पण समोर उभी राहून दाखवायची. 'इथेच कुठंतरी' चालणार नाही मला. आठ ते दहा किनारा माझा, त्यानंतर साहेब बघायला येतात."

जागा लक्षात राहाव्यात म्हणून झेंडे लावायचे, तर कावळे हुशार. झेंडा दिसला की खाली जेवण आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून टाचणीची पद्धत वेगळी. कशी, ते मला ठाऊक नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "तुला सांगितलं की दुपारपर्यंत बंदराला कळेल."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

तर ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीच किनाऱ्यावर फिरायला गेले. बघते तो काय, वाळूवर तीन पांढरे शिंपले, एका ओळीत, वाटीसारखे उताणे. किती गोड! पुढं गेले, आणखी तीन. मग आणखी तीन. चार ठिकाणी मिळून बारा, सगळे एका मापाचे. मला वाटलं, समुद्रानं खास माझ्यासाठीच मांडून ठेवलेत. इतकी वर्षं संसार केला, पण समुद्र ओळीत शिंपले मांडत नाही एवढं काही डोक्यात आलं नाही. पदरात गोळा केले, घरी आणून साबणानं धुतले आणि न्हाणीघराच्या खिडकीत ओळीनं लावले. छान दिसत होते हो!

दुसऱ्या दिवशी साडेपाचला टाचणी दात घासायला आत गेली आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आली. हातात एक शिंपला.

"हे कुठून आणलेस?"

"किनाऱ्यावरून. आवडले ना? तुझ्या खिडकीला कधी शोभा म्हणून नव्हती."

ती खुर्चीत बसली. ब्रश बाजूला ठेवला. "वहिनी, त्या खुणा होत्या. शेवटच्या शिंपल्यापासून समुद्राकडे पाच पावलं, की घरटं."

"मग आता?"

"आता मलाही माहीत नाही. रात्रभर वारा होता, माझी पावलंही पुसली असतील. अंदाजानं शोधायला गेलो तर आपल्याच पायाखाली फुटतील." हातातला शिंपला उलटा करून म्हणाली, "पाचसहा दिवसांत पिल्लं निघणार होती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, चार शिव्या तरी दे!"

"नंतर देते. चप्पल घाल."

सहाला आम्ही किनाऱ्यावर. वाळू सगळीकडे सारखी, पुसून ठेवल्यासारखी. टाचणीनं मला कडेच्या झुडपांशी बसवलं आणि म्हणाली, "आपण शोधायचं नाही. ती स्वतः दाखवतील. आपण गप्प बसलो की त्यांना धीर येतो, घरट्यावर परततात. तुला जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"हे चौथं वाक्य आहे, बसल्यापासून."

मी तोंडाला कुलूप लावलं. देवाशप्पथ सांगते, माझ्या बाळंतपणाला एवढा त्रास झाला नव्हता. कानाशी माशी, पायाला मुंग्या, आणि जिभेवर किती गोष्टी आल्या म्हणून सांगू! पण गप्प बसले. आणि वीसेक मिनिटांनी वाळूचा एक तुकडा हलला. तुरुतुरु धावला. थांबला. इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा धावला आणि अंग जरा हलवून खाली बसला. टाचणीनं माझा हात दाबला. एक.

दुसरं घरटं सातला सापडलं, तिसरं साडेसातला. प्रत्येक ठिकाणी टाचणी लांबून वळसा घालून गेली आणि घरून आणलेले शिंपले होते तसे ठेवून आली. चौथं काही केल्या दिसेना. आणि लांबून गडगड ऐकू आली.

आठला गडगड्या हजर. त्याला सगळं सांगितलं. माझा प्रताप ऐकून तो इतका हसला की मला वाटलं, राहिलेल्या पक्ष्यानं बेटच सोडलं.

"तीन जागा सोडतो," तो म्हणाला. "चौथीसाठी अर्धा किनारा सोडता येत नाही गं ताई. साहेब माझी नोकरी खातील."

टाचणी नुसती वाळूकडे बघत राहिली. मला ते बघवेना. मी उठले आणि तरातरा निघाले. कुठं, ते मलाही माहीत नव्हतं. वीसेक पावलं गेले असेन, तोच समोर एक चिखल्या फडफडत पडला. एक पंख लुळा, जमिनीवर घासत चाललेला.

"अगं बाई, हिचा पंख मोडलाय!" म्हणत मी धावणार, तोच मागून आवाज आला. इतक्या वर्षांत टाचणीचा तेवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"थांऽऽब! हलू नकोस! नाटक करतेय ती!"

माझा उजवा पाय हवेत. तसाच ठेवला.

"तुला लांब न्यायला बघतेय. म्हणजे घरटं तुझ्यापाशीच आहे. खाली बघ, सावकाश."

बघितलं. हवेतल्या पायाखाली, चपलेपासून जेमतेम वीतभर अंतरावर, तीन ठिपकेदार खडे. मी पाय मागं घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला. समोर ती लबाड मोडका पंख मिटून ऐटीत उभी! इतकं सुंदर खोटं मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि मी स्वतः बऱ्यापैकी खोटं बोलते.

मी चार पावलं मागं सरले, तसा गडगड्या ओरडला, "वहिनी, तिथंच उभ्या राहा! खूण म्हणून! लांबूनसुद्धा चुकणार नाही!"

उशीचा असाही उपयोग होतो. दोन तास उन्हात उभी होते. ट्रॅक्टर दर फेरीला मला वळसा घालायचा आणि दर फेरीला तो विचारायचा, "काय वहिनी, आज शिंपले नाही वेचले?" मी दर फेरीला काहीतरी उत्तर द्यायचे. टाचणी झुडपापाशी बसून हसत होती, अगदी डोळे पुसत.

सहाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. चार घरटी, अकरा पिल्लं. कापसाच्या बोळ्याला दोन काड्या लावाव्यात तशी, आणि पहिल्याच दिवसापासून पळायला पुढं. टाचणीनं दुर्बीण आधी मला दिली.

परत येताना म्हटलं, "शिव्या राहिल्या हं तुझ्या."

"राहू देत. तू दीड तास गप्प बसलीस. माझ्या भावालाही खरं वाटलं नसतं."

माझे मालक गेल्यापासून त्यांचं नाव आमच्यात असं सहज हसत कधी निघालं नव्हतं. माझं घर रिकामं झालं तेव्हा हिनं मला खोली दिली, डोळे दिले, आणि आता माझे हसरे मालकही परत दिले. हे सगळं तिला तोंडावर सांगितलं तर ती तोंडात सुया धरेल, म्हणून इथं लिहितेय.

शिंपल्यांची पद्धत तुम्हांला सगळी सांगून टाकली, कारण ती आता बंद झालीय. या उन्हाळ्यात खूण नवी आहे. टाचणीनं ती स्वतः, न विचारता, मला सांगितली.

दोन महिने झाले. बंदरावर अजून कुणालाही माहीत नाही.