उणकलच्या बाईंचं मत

माझी मुलगी सतरा वर्षांची असताना जिवाचं बरंवाईट करायला निघाली होती. धारवाडच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या वॉर्डातल्या समाजसेविकेनं तिला माघारी आणलं. त्यांचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

त्या समाजसेविकेला सगळे अक्का म्हणत. वर्षभरानं तिनं पेशंटांच्या घरच्यांची मतं गोळा करायला घेतली: काय बरं वाटलं, काय खटकलं. पण तिला घरी येऊ देणार कोण? शेजारी लगेच विचारणार, या कोण? मग मीच शहाणपण केलं. देशपांडे नगरातल्या आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. त्याला निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

वॉर्डात राहून गेलेल्या मुलामुलींच्या दहा-बारा आया आल्या. अक्का स्वयंपाकघरात एकेकीला विचारत होती आणि उत्तर एकच मिळत होतं, "फार चांगलं केलं हो." मीही तेच म्हणाले. ज्यांनी पोर वाचवली त्यांच्यात खोट कशी काढायची?

निघताना अक्का म्हणाली, "उणकलच्या बाई दिसल्या नाहीत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंचा मुलगाही तेव्हा आतच होता, आणि तीन दिवस त्या बाहेरच्या बाकावर माझा हात धरून बसल्या होत्या. पण हळदीकुंकू सवाष्णींचं. त्या विधवा, म्हणून यादी करताना मी त्यांना सहज गाळलं होतं. शाळेत मुलींना समतेवर निबंध लिहायला लावणारी मास्तरीण मी! स्वतःचा असा संताप आला.

दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन उणकल गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो बाई ते. चहा घेणार का न्हाई, सांगा." मग अक्कानं विचारल्यावर म्हणाल्या, "चांगलंच केलं की सगळं. पण पोरगं आत, मी भायेर. त्यानं काय खाल्लं का न्हाई, एवढं कुणी येऊन सांगितलं असतं तर माझ्या बी घशाखाली घास उतरला असता."

माझ्याही मनात नेमकं हेच होतं, पण मला ते बोलता आलं नव्हतं. "त्याखाली माझंही नाव घाल," मी अक्काला म्हटलं.

दोन वर्षांनी मुलीला पुन्हा तिथं न्यावं लागलं. दुपारी एक नवी नर्स बाहेर आली आणि कानडीत म्हणाली, "ऊटा माड्याळ री, अम्मा." जेवली ती! मला रडूच फुटलं. नर्स गोंधळली. "हे रोज सांगायचंच असतं आम्ही, नियम आहे," म्हणाली. तो कुणामुळं झाला हे तिला कुठून ठाऊक असणार? मी डोळे पुसले आणि तिला सांगितलं.