गॅलरीतलं ऊन

शालन घोडबंदर रोडच्या बसवर कंडक्टर. बस अडकली की तासभर जागची हलत नाही, आणि इकडं जांघेत आग पेटलेली. भरल्या बसमध्ये बाईमाणसानं खाजवायचं कसं? दात आवळून तिकिटं द्यायची. वर्षात ही चौथी खेप. मलम लावलं की खाज निजायची, मलम संपलं की पुन्हा उठायची. या महिन्यात पाच खाडे झाले. असंच चाललं तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार, हे तिला कळून चुकलं.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, ती बरी निघाली. मग विचारलं, "सर्दी-खोकल्याला काय घेता?"

"मेडिकलवाला देतो त्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. दोन दिवस खायच्या, बरं वाटलं की बंद. वर्षातनं पाच-सहा वेळा."

"ही बुरशी आहे, शालनताई. थोडी सगळ्यांच्याच पोटात असते. तिथले चांगले जंतू जागा अडवून बसतात, तिला वाढू देत नाहीत. अंगाच्या प्रतिकारशक्तीलाही तेच तयार ठेवतात. गोळ्यांनी ते मेले की बुरशी मोकाट, आणि दमट जागी तर जास्तच."

"म्हणजे साध्या सर्दीपायी मी माझेच राखणदार मारले?"

"मारलेत. आता हे औषध पूर्ण घ्या, मधे सोडायचं नाही. आणि आतले कपडे कुठं वाळवता?"

शालनच्या ठाकुर्लीच्या चाळीत सगळ्या बायकांचे ते कपडे मोरीच्या दाराआड, वर टॉवेल टाकून वाळायचे. वाळायचे कसले, दमट ते दमटच अंगावर चढायचे.

दुसऱ्या दिवशी तिनं गॅलरीत दोरी बांधली आणि सगळं उघड्यावर टाकलं.

"अगं ए, लाज आहे का काही?" शेजारची सखुबाई ओरडली.

"लाज मोरीत वाळवली इतकी वर्षं, सखुमावशी. खाज मला आली, तुमच्या लाजेला नाही."

नवरा कुंडलिक म्हणाला, "निदान वर एक साडी तरी टाक."

"साडीला कुठं रोग झालाय?"

रविवारी बाबुराव आले. चाळीतलं वडीलधारं माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. नातीला बघायला पाहुणे येणार होते. "तासाभरासाठी काढ, पोरी. चाळीची इज्जत आहे."

"बाबा, आपल्या गॅलरीत ऊन बारा ते तीन. पाहुण्यांना तीननंतर बोलवा."

"पाहुण्यांना वेळ मी सांगू?"

"मग उन्हाला सांगा."

बाबुराव पाय आपटत गेले. जाता जाता म्हणाले, आता कुणाला तरी पाठवून दोरीच काढायला लावतो. शालननं घरातलं स्टूल आणलं, दोरीखाली मांडलं आणि तांदूळ निवडत बसली. कोण हात लावतो बघू.

साडेबाराला पाहुणे आले. पुढं मुलाचा बाप, मागं आई, मागं मुलगा. गॅलरी अरुंद, दुसरी वाट नाही. सगळे मान वाकवून दोरीखालून गेले. बाबुरावही वाकले. शालन उठली नाही, की नजरही खाली घातली नाही.

दीड वाजता तिनं कपडे चाचपले. पापडासारखे कडक. तिथंच उभं राहून, सगळ्यांदेखत, एकेक घडी घातली आणि दुसऱ्या बादलीतले दोरीवर टाकायला घेतले.