चालू गाडीतलं तेल

लेकीने घेतलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन चालू ठेवून मी गिअरबॉक्सचं तेल मोजायची काडी, डिपस्टिक, काढली. तेलाचा करपट वास नाकात शिरला आणि प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टर दोनमधली ती दुपार आठवून मी सुधाकरवर पुन्हा तेवढाच जळलो.

सुधाकर माझा चुलतभाऊ. मी स्टील प्लांटमधला फिटर. तो प्लांटच्या परीक्षेत नापास होऊन जवळच्या जामुल गावातल्या गॅरेजात लागलेला. आमच्या क्वार्टरसमोर माझ्या प्लांटमधल्या साहेबांची जुनी लाल ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार उभी होती. गिअर टाकला तरी इंजिन नुसतं घुमायचं, गाडी हलायची नाही. चालू मशीनला हात लावायचा नाही, ही आमची प्लांटची शिस्त. मी इंजिन बंद करून गिअरबॉक्सचं तेल पाहिलं आणि साहेबांना ऐटीत सांगितलं, "तेल बरोबर आहे. गिअरबॉक्स खोलावा लागते."

सुधाकरने इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं आणि तसंच चालू ठेवून डिपस्टिक काढली. तेल खुणेच्या बरंच खाली होतं.

"बंद केलं का वरचं तेल खाली तळाशी उतरते न भाऊ, म्हणून काडीवर जास्त दिसते," तो हळूच म्हणाला. तेल भरल्यावर गाडी अलगद सरकली.

माझ्या पाठीवर कधी हात न ठेवलेल्या बाबांनी त्याचा तेलकट हात हातात घेतला. "याले म्हंते मिस्त्री!"

साहेबांसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून सुधाकर किती हळू बोलला होता, ते मला आता कळतं.

"पप्पा, इंजन चालू ठेवून कावून पाहून राहिले?" लेकीने विचारलं. मी समजावलं.

"तुमाले कोनं शिकवलं?"

"कोन शिकवन? मीच शिकलो."

तिने कौतुकाने माझा तेलकट हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला नाही.