शोभाताईचं माप

शिवणाच्या खोलीत दोन गोष्टी साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या उशीत भरता येतात. किस्से कुठे लपवायचे? कळंबला आमचा शिवणगट आहे: मी, कमल, निर्मलाकाकू आणि शोभाताई. तिच्या आजारपणाचे किस्से आठवले की हसू येतं, आणि लगेच मान खाली जाते.

*

शोभाताईचा ब्लाउज डाव्या काखेत काचायला लागला. मी मुंढा उसवून सैल केला. थोड्या दिवसांत पुन्हा तेच!

"अंग धरून राह्यली वं तू!" कमल म्हणाली. आम्ही खूप हसलो. माणूस एकाच काखेत कसं जाड होईल, हे शिवणाऱ्या तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही! काखेत गाठ होती.

*

यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, "हा लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, झपाट्यानं वाढतो, पण..."

आम्ही तिथेच रडायला लागलो. शेवटी शोभाताईच ओरडली, "अवो, 'पण'च्या पुढचं तं ऐकू द्या मले!"

पुढचं असं होतं की औषधानं तो बरा होऊ शकतो.

*

केमो सुरू झाल्यावर भेटायला गेलो. काकूंनी दारातच तोंडाला पदर लावला. "लागण तं नाही ना होत?" आम्हीही त्यांच्या मागेच.

नर्सनं मास्क दिले. "हिच्यापासून तुम्हाला काही होत नाही. तुमच्यापासून हिला जपायचंय!"

तेवढ्यात काकू शिंकल्या.

*

गाठ परत आली. आता मुंबईला नवा उपचार होता. रक्तातल्या तिच्याच पेशी काढायच्या, लॅबमध्ये त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या.

"शिकवून येते काय असं? मग माह्या नवऱ्यालेबी ने!" कमल म्हणाली.

शोभाताई पोट धरून हसली. मग हळूच म्हणाली, "मी वापस येईन ना वं?"

काकू घाईघाईनं तिच्या पिशवीत चादर कोंबायला लागल्या.

*

पेशी सोडल्यावर तिला ताप चढला. तिच्या नवऱ्याचा, भाऊजींचा फोन आला, "आयसीयूत आहे. कोणाले ओळखत नाही."

सवाष्णीला हिरव्यातच शेवटचा निरोप देतात. आम्ही मुकाट्यानं तिच्या मापाचा हिरवा ब्लाउज बेतला. मी हुकांची डबी उघडली, तर कमल म्हणाली, "राहू दे. आता कोण लावते?"

शोभाताई त्यातून उठली! स्कॅन चांगला आला. गावी आली ती थेट शिवणखोलीत. कपाटातला हिरवा ब्लाउज तिनं उलगडला, अंगाला लावून पाहिला.

"माह्याच मापाचा! माय वं, एवढा भरवसा होता तुमाले?" तिचे डोळे भरून आले. "पण हूक काहून नाही लावले?"

आम्ही तिघी एकदम डबी शोधायला लागलो.