बीपीचं शिबिर आणि सात घरचा चहा

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी बीपी तपासणी शिबिर झालं. त्याचा मुख्य आयोजक मी होतो आणि एकमेव पेशंटही मीच निघालो.

आयोजक मीच का? तर न्हावा शेवाला कंटेनरची कागदपत्रं सोडवण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. बोट उशिरा येईल, पण माझा कागद नाही! (हे मी सगळ्यांना सांगतो. न विचारता.) अशा माणसाला आमच्या विंगमधले बारा म्हातारे-म्हाताऱ्या सकाळी दहाला क्लबहाऊसमध्ये आणून बसवणं म्हणजे किरकोळ काम.

पण आदल्या दिवशी आमची कुमुद म्हणाली, "उद्या तुमचं बीपी वाढलेलं निघालं, तर संध्याकाळचा चहा बंद."

"बंद?"

"कायमचा!"

अहो, संध्याकाळचा चहा! आलं ठेचून, दाट दुधाचा! त्या एका कपासाठी मी दुपारची झोप मोडतो. तरी छाती काढून म्हणालो, "बघच तू. ठणठणीत आहे मी!"

डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं होतं, तपासणीआधी अर्धा तास कोणी चहा घ्यायचा नाही, आकडा उगाच चढतो. ग्रुपवर मेसेज टाकला असता, पण आमची मंडळी न वाचताच अंगठा दाखवतात. म्हणून साडेनऊला मी स्वतः दारोदार निघालो. सकाळपासून घरच्या चहाला शिवलोही नव्हतो, हे लक्षात ठेवा.

पहिलं दार परबकाकूंचं.

"काकू, आता चहा घ्यायचा नाही हां!"

"अरे देवा! आत्ताच गाळलाय. आता ह्याचं काय करू?"

"ठेवून द्या."

"गार चहा कोण पितंय? दूध फुकट जाईल. घ्या, तुम्हीच घ्या."

आता पुढे केलेला कप परत करायचा? आमच्या घराण्यात ते नाही. घेतला. (वेलची जरा जास्त होती, पण बोललो नाही.)

वरच्या मजल्यावर मुकादमचाचा बशी तोंडाला लावणार, तेवढ्यात मी दारातूनच ओरडलो, "चाचा, थांबा!" चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि बशी शांतपणे माझ्याकडे सरकवली. "आमी थांबलो. आता तुमी घ्या. दारात आलेला मानूस सुका जाईल काय?"

तिसऱ्या घरी गवती चहाचा, चौथ्या घरी गुळाचा, पाचव्या घरी 'फक्त दोन घोट' म्हणून स्टीलचं फुलपात्र भरून! प्रत्येक घरात मी चहा पिऊ नका म्हणून सांगायचो आणि ओठ पुसत बाहेर पडायचो.

दहाला सगळे हजर! परबकाकू नॉर्मल. मुकादमचाचा नॉर्मल. बाराच्या बारा नॉर्मल! डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, एवढी शिस्त मी कुठल्याच सोसायटीत बघितली नाही." कुमुदने माझ्याकडे चक्क कौतुकाने पाहिलं. (लग्नानंतर दुसऱ्यांदा.) मी ऐटीत शर्टाची बाही वर केली.

पट्टा फुगला, आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर! काका, आत्ता चहा घेतलात?"

"छे! घरी एक थेंबसुद्धा नाही. विचारा हिला."

"खरंच नाही घेतला हो," कुमुद काळजीने म्हणाली. बिचारी!

तेवढ्यात परबकाकूंना राहवलं नाही. "पण आमच्याकडे घेतला ना!"

"आमच्याकडं पन," चाचा म्हणाले.

मग काय, पाहुणचाराची चढाओढच लागली! "आमच्याकडे दोनदा ओतला", "आमच्याकडे बिस्किटाबरोबर"... प्रत्येक जण अभिमानाने हात वर करतोय आणि कुमुद बोटांवर मोजतेय. "सात!" ती म्हणाली. त्या एका शब्दाने माझं बीपी आणखी चढलं असणार.

अर्धा तास कोपऱ्यात गप्प बसवून पुन्हा मोजलं. उतरलं होतं, पण पुरतं नाही. डॉक्टरबाईंनी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि कुमुदने बारा साक्षीदारांसमोर माझा संध्याकाळचा चहा बंद केला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अजूनही पाच वाजले की पाय आपोआप किचनकडे वळतात.

पण माझी मान ताठ आहे! त्या दिवशी आमच्या विंगमधल्या बारापैकी एकाचंही बीपी चढलं नाही, ते कोणामुळे? चढायला त्यांच्या वाटणीचा चहा मी शिल्लक ठेवला होता कुठे!